दाराखालचा हात

"आज म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येईना, सुबराव."

गजाबा काळेल पाटाच्या भरावावर उभा राहून हे म्हणाला, तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. मी बंधाऱ्याच्या दाराजवळ खोऱ्यावर हनुवटी टेकून बसलो होतो. गजाबाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो पाहत होता आमच्या खोपीकडे. खोप दारापासून वीस पावलांवर. आतून चुलीचा धूर येत होता, खोकला मात्र येत नव्हता.

"वाईच डोळा लागलाय," मी म्हणालो. "पहाटं काढा घेतलाय त्येनं."

"तीन महिनं तर लागला न्हाई डोळा."

"मग आज लागला. तुमाला काय तरास व्हतोय का, अण्णा?"

गजाबा हसला. आबा पहाटेच गेला होता. आत गोधडीखाली माझा बाप गार पडला होता, आणि आई त्याच्या उशाशी बसून चुलीत काटक्या सारत होती, न रडता.

माझा बाप ज्ञानू हा तरसवाडीचा पाटकरी. त्याच्यामागे तीन वर्षांपासून मी. माणदेशात पाणी म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, म्हणून मी सांगायच्या भानगडीत पडत नाही. एवढंच समजा की नदीवर एक जुना दगडी बंधारा होता, त्यातून एक पाट निघायचा, आणि त्या पाटाच्या तोंडाशी बाभळीच्या फळीचं एक दार होतं. फळीला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. एकट्याला उचलायची तर खाली पहार घालावी लागायची. उचलून खुंटी अडकवली की पाणी सुरू, खुंटी काढली की फळी खाली आणि पाणी बंद. वरच्या मळ्यापासून खालच्या मळ्यापर्यंत ज्याची त्याची पाळी ठरलेली. दाराला हात लावायचा तो फक्त पाटकऱ्याने.

आणि एक रिवाज होता. पाटकऱ्याच्या किंवा पाण्याच्या हिश्शेकऱ्यांपैकी कुणाच्या घरी मयत झालं की दार पडायचं. तिसऱ्या दिवशी राख सावडल्याशिवाय ते उघडायचं नाही, आणि उघडलं की पाळी पुन्हा पहिल्या शेतापासून सुरू. ज्याने हा रिवाज घातला त्याच्या काळात नदीला बारमाही पाणी असावं. त्या साली मात्र बंधाऱ्यात जेमतेम दोन दिवसांचं पाणी उरलं होतं. ते संपलं की गाळ आणि बगळे.

पहिलं शेत गजाबाचं. शेवटचं ठकूबाईचं.

त्या दिवशी पाळी ठकूबाईची होती. नवरा मेलेली बाई, चाळीस वाफे शाळू, तो पोटरीत आलेला. एक पाणी मिळालं तर कणीस भरणार, नाही मिळालं तर नुसता कडबा, तोही आखूड. दिवस उगवताना मी तिचं पाणी सोडलं होतं. दुपारपर्यंत वाफे भिजले असते. दुपारपर्यंत आबा जिवंत राहायला हवा होता, एवढीच काय ती गोष्ट.

हे मी माझ्या डोक्याने केलं नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी आबाने मला जवळ बसवलं आणि धाप टाकत टाकत सांगितलं, "ठकूचं पाणी होईस्तवर दार पडता कामा नये. मी मेलो तरी. तुझ्या आयला सांगितलंय, गळा काढू नको म्हणून." का, तेही त्याने सांगितलं. ते ऐकल्यावर मी उठून बाहेर गेलो आणि त्याच्याशी पुन्हा एक शब्द बोललो नाही. त्याने दोनदा पाणी मागितलं, ते आईने दिलं. मी खोपीच्या दारात पाठ करून बसलो होतो. पहाटे त्याचा खोकला थांबला, तेव्हाही माझी पाठच होती. ते अजून खातं मला.

"बघून येतो की म्हाताऱ्याला," गजाबा म्हणाला. "किती दिस झालं, भेट न्हाई."

"झोपलेल्या माणसाला काय भेटता?"

"तू बस हितंच. पाणी बघ तुझं."

तो खोपीकडे निघाला. मी उठणार एवढ्यात पाटाच्या पलीकडच्या अंगाला त्याचा धाकटा भाऊ बिरू येऊन उकिडवा बसलेला दिसला. हातात काही नव्हतं, नजर मात्र खुंटीवर. मी खोपीकडे गेलो तर बिरू दार पाडणार. मी दाराशी राहिलो तर गजाबा आत शिरणार. भावाभावांनी चांगलं ठरवून आणलं होतं.

मी दाराशीच राहिलो. खोपीचं तोंड आमच्याकडे होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं.

"पारूकाकू, बरं हाय का?" गजाबाने उंबऱ्याबाहेरून विचारलं.

"बरं हाय की," आई म्हणाली. तिने पदराने आबाच्या तोंडावरची माशी हाकलली आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "अवं, ऐकलंसा का? गजाबा आलाय." मग उत्तर ऐकल्यासारखी थांबली आणि मान वर करून म्हणाली, "बोलायचं न्हाई म्हनत्यात. तुझ्यावर राग हाय त्येंचा."

आईला आयुष्यात कधी खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं. ती इतकं सफाईने बोलेल असं वाटलं नव्हतं.

"बोलू नगं म्हनावं," गजाबा म्हणाला. "नुसतं खोकू दे. एकदा खोकला की मी माघारी जातो."

"तू आलास म्हनून खोकायला तू काय मिरचीचा धूर हाईस?"

बिरूला हसू आलं. गजाबाला आलं नाही. त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला.

"मागं हो," आई म्हणाली.

"काकू, मयत दाबून ठेवलंया तुमी."

"मागं हो म्हनते ना!"

त्याने दुसरा पाय आत टाकला. चुलीवर आबासाठी ठेवलेला काढा रटरटत होता. मेलेल्या माणसासाठी आईने तो उगाच ठेवला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. तिने पदराने मडकं उचललं आणि गजाबाच्या छातीवर उलटं केलं.

असा ओरडला तो! त्याचा सदरा अंगाला चिकटला. त्याने आईच्या बरगडीत लाथ घातली, ती चुलीवर कोलमडली, आणि तिने ओरडू नये म्हणून स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. कोंबताना मी पाहिलं. लाथ खाऊन बाई ओरडली असती तर त्यात मयताचं काही नव्हतं. पण एकदा तोंड उघडलं तर आपल्याला आवरणार नाही, हे तिला माहीत असावं.

गजाबाने गोधडी ओढली.

"मेलाय!" तो आतूनच ओरडला. "बिरू, गार पडलाय म्हातारा! पाड दार!"

बिरू उठायच्या आत मी खोऱ्याचा दांडा त्याच्या तोंडावर मारला. त्याचे दोन दात पडले. ते नंतर पाटात सापडले म्हणतात. तो खाली बसला, मी पुन्हा मारला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा माझ्या हातात खोरं नव्हतंच. गजाबाने ते मागून हिसकलं होतं. त्याने मला त्याच खोऱ्याने मारलं, आधी पाठीत, मग डोक्यात. खोरं त्याने बंधाऱ्याच्या पाण्यात भिरकावलं. मी पाटात तोंडावर पडलो. पाणी मांडीएवढं होतं. नाकातोंडात पाणी आणि डोळ्यांत रक्त गेलं, आणि डोक्यावर बिरूचा आवाज आला, "खुंटी काढली, दादा!"

हे सांगताना लोक मला विचारतात, एखादा दगड का नाही घातलास? मी म्हणतो, तुम्ही या आणि घाला. रक्ताने काही दिसत नव्हतं. फळी खाली येताना आवाज करते, कर्रर्र असा, तो मी तीन वर्षं रोज ऐकत होतो. तो आवाज ऐकला आणि माझा उजवा हात आपसूक फळीखाली गेला. हाताशी दुसरं काहीच नव्हतं.

फळी मनगटाच्या अलीकडे, बोटांवर बसली.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की फळी पूर्ण बसली नाही. माझ्या हाताच्या जाडीएवढी फट राहिली आणि त्या फटीतून पाणी जोरात माझ्या तोंडावर येत राहिलं.

"हात काढ," गजाबा म्हणाला.

"न्हाई."

"तुटल की रं!"

"तुटू दे."

बिरू फळीवर चढून उभा राहिला. तोंडातून रक्त थुंकत तो फळीवर नाचला. आता मला हात काढायचा म्हटला तरी निघणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोनदा मी काढायला पाहिला. मी काही मोठा शूर नव्हतो. दुखतंय म्हटल्यावर माणूस हात ओढतोच. निघाला नाही म्हणून राहिला.

आई खोपीतून गुडघ्यांवर रांगत आली. तोंडात बोळा तसाच. तिने एक धोंडा उचलला आणि बिरूच्या नडगीवर हाणला. तो लंगडत खाली उतरला, मग पुन्हा चढला. गजाबाने तिला केसांना धरून बाजूला ओढलं. नुसते श्वास आणि पाण्याचा आवाज.

असा किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ठकूबाई म्हणते की पाणी बारीक झालं त्यानंतर तिचे चार वाफे भिजले.

पाटकऱ्याने आपलं पाणी चोरलं म्हणून ती तणतणत पाटाच्या काठाने वर आली होती. तिच्या शिव्या आधी ऐकू आल्या. "ज्ञानू पाटकऱ्याच्या वंसात काय पानी चोरायचा वसा हाय का रं? बाप तसा लेक!" आणि मग ती वळणावरून पुढे आली नि तिने पाहिलं. फळीवर बिरू, पाटात मी, आणि आईचे केस गजाबाच्या मुठीत.

ती थांबली नाही. चालत्या पायांनीच तिने हातातलं खोरं उलटं करून बिरूच्या गुडघ्यामागे घातलं. तो काठावरून गाळात पडला आणि पडूनच राहिला. गजाबाने आईचे केस सोडले.

"ठके, आधी ऐकून घे," तो हात पुढे करून म्हणाला. त्याच्या छातीची कातडी सोलली होती, तरी त्याचा आवाज हिशेबी होता. "म्हातारा मेलाय. सकाळधरनं दाबून ठेवलंया. दार पडाय पायजे का न्हाई, तूच सांग. सगळ्यांचा रिवाज हाय."

ठकूबाईने आईकडे पाहिलं.

"काकू, खरं हाय?"

गजाबाशी सफाईने खोटं बोललेली माझी आई ठकूबाईपुढे बोलू शकली नाही. तिने तोंडातला बोळा काढला आणि गळा काढला. सबंध सकाळचं रडणं होतं ते. माळावर शेळ्या चारणाऱ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. वरच्या मळ्यातून, वस्तीवरून माणसं धावत निघाली.

ठकूबाईने पहार शोधली, फळीखाली घातली आणि आईला म्हणाली, "रडत रडत दाबा, काकू." दोघींनी मिळून फळी उचलली. मी हात ओढला. तीन बोटं साल निघालेल्या शेंगांसारखी लोंबत होती. ती पुढे तालुक्याच्या दवाखान्यात काढली.

मग तिने पहार बाजूला घेतली आणि फळी सोडून दिली. पाणी बंद झालं.

"वैनी!" मी ओरडलो. "तुमचं ऱ्हायलंय अजून! किती ऱ्हायलं?"

"सा वाफं."

"मग कशाला पाडलं?"

"मयत झालंया, भावजी," ती म्हणाली. "माझा मालक ह्याच दाराशी मेला. मयत झालेलं असताना दार उघडाय आला, शेवाळावरनं पाय घसरला. तुमच्याच बापानं फौजदाराला सांगितलं. रिवाज मोडला म्हनून देवानं नेला, असं अख्खं गाव म्हनलं मला. मी न्हाई मोडायची."

एव्हाना दहाबारा माणसं जमली होती. गजाबा धोतराच्या सोग्याने छाती पुसत होता. आबाने आदल्या संध्याकाळी जे सांगितलं होतं, ते आता सांगायला हवं होतं. बाप घरात पडलेला, अजून त्याला आंघोळ नाही, आणि अशा वेळी त्याचं नाव काढायचं. पण मी काढलं. एवढा हात घातला होता तो काय निम्मंच सांगायला?

"वैनी, तुमचा मालक, पिराजीदादा, घसरला न्हाई," मी म्हणालो. "नऊ वर्सांमागं गजाबाण्णाची म्हातारी आय मेली, ती ह्येंची पाळी चालू असताना. दोन दिस ह्येंनी ती घरात दाबून ठेवली. पाळी पुरी झाली तवा गळा काढला. दार पडलं, आन् सावडून झाल्यावर पाळी पुन्हा ह्येंच्याच शेतात. आबाला ठाऊक व्हतं. त्यो पाळी सांगाय घरी गेलता, म्हातारीच्या डोळ्याला मुंग्या लागल्याल्या त्येनं बघितल्या. आन् आबा भ्याला. गप बसला."

"ये, तोंड सांभाळ!" गजाबा म्हणाला.

"पिराजीदादाला वास आला. त्यो म्हनला, ही दोन दिसांची मयत हाय, माझं पानी सोडा. त्येनं फळी उचलली. गजाबाण्णानं कुऱ्हाड उलटी करून तिचा तुंबा त्येच्या डोसक्यात घातला. हितंच. ह्या धोंड्याशी. आबा समोर उभा व्हता. शेवाळ न् बिवाळ काय न्हवतं."

ठकूबाईने आपलं खोरं पुन्हा हातात घेतलं होतं. गजाबा तिच्यापासून दोन हातांवर. मला वाटलं आता ती घालते. माझी अगदी इच्छा होती तिने घालावं.

"मेलेल्या मानसाची साक्ष कोन घेतंय?" गजाबा म्हणाला, पण मागे सरकत म्हणाला.

ठकूबाईने खोरं बंधाऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि ती खाली, आपल्या शेताकडे निघून गेली.

पुढचं आधी सांगून टाकतो. खटला उभा राहिला नाही. साक्षीदारच जळून गेला होता. पण तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा गावाने पाणी पहिल्या शेताला लावलं नाही. ठकूबाईच्या उरलेल्या सहा वाफ्यांपासून पाळी धरली. गजाबा काठी घेऊन आला होता, त्याच्या सख्ख्या पुतण्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्यानंतर मयतासाठी दार पाडायचा रिवाज तरसवाडीत राहिला नाही. ठकूबाईचा शाळू झाला. परगावचे लोक माझा हात पाहून विचारतात, उसाच्या चरकात गेला का? मी हो म्हणून मोकळा होतो.

राहिलं ते त्या दिवशीचं, तिसऱ्या प्रहरचं.

आबाला आंघोळ घालून खोपीसमोर ठेवला होता. माझा हात कुणाच्या तरी धोतराच्या पट्ट्यांनी बांधला होता आणि त्या पट्ट्या लाल होऊन कडक झाल्या होत्या. तालुक्याला न्यायला बैलगाडी जुंपून तयार होती. बापाला पाणी पाजून मग गाडीत बस, असं सगळे म्हणत होते. पाटकरी मेला की पाण्याचा प्रत्येक हिश्शेकरी आपल्या शेतातलं पाटाचं पाणी घेऊन येतो आणि त्याच्या तोंडात घालतो. एकेक जण येत होता, तुळशीच्या पानाने थेंब सोडत होता, बाजूला होत होता. काळेलांच्या घरचं कुणी आलं नाही.

शेवटी ठकूबाई आली. तिच्या हातात तांब्या होता, त्यात वाफ्यातलं गढूळ पाणी. लोकांनी वाट दिली. ती आबाच्या उशाशी उभी राहिली. बराच वेळ तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आईने रडणं थांबवलं.

"ह्येनं माझ्या मालकाचं पानी तोडलं," ती म्हणाली. "वर त्योच घसरून पडला म्हनाला. नऊ वरसं माझ्या दारावरनं जाताना रामराम घालायचा. ह्येला मी पानी न्हाई घालायची."

कुणी तिला घाल म्हणालं नाही. आईसुद्धा नाही.

मग ती माझ्याकडे वळली. माझा बांधलेला हात तिने मनगटाखाली धरला आणि तांब्यातलं पाणी त्या पट्ट्यांवर ओतलं. "हे तुमचं," म्हणाली. "त्येचं न्हाई."

पाणी पट्ट्यांत मुरलं. आतपर्यंत झोंबलं. मला तिचा राग आला. मयताच्या दारात, चारचौघांत, माझ्या बापाला पाणी नाकारणारी ही कोण, असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की रात्री त्याने दोनदा मागितलं तेव्हा मीही दिलं नव्हतं.

मी खाली बसलो. उजव्या हाताने पान धरता येत नव्हतं आणि डाव्या हाताने मयताला पाणी पाजत नाहीत. मी तो बांधलेला हात तसाच आबाच्या तोंडावर धरला आणि डाव्या हाताने पिळला. पट्ट्यांतून तांबूस पाणी निथळलं. चारपाच थेंब त्याच्या ओठांत गेले, बाकीचे हनुवटीवरून मानेखाली उतरले.

ठकूबाई रिकामा तांब्या हातात धरून बघत होती. तिने मला अडवलं नाही.